डोंगरांच्या माथी फोडलेले खापर

ईशान्य भारताच्या आर्थिक स्थितीविषयी देशात एक मत इतके रूढ झाले आहे की ते निव्वळ मत आहे याचाही विसर पडावा. हा प्रदेश डोंगराळ असून समुद्रापासून फार दूर आहे. तेथील जमाती आपापल्या टेकड्यांवर जगापासून तुटून राहत आल्या, त्यामुळे व्यापारउदीम त्यांच्या अंगवळणी कधी पडलाच नाही. स्वातंत्र्यानंतर बंडखोरीने उरलीसुरली गुंतवणूकही पळवून लावली. आणि केंद्राने वर्षानुवर्षे ओतलेला पैसा तेथे कुठे मुरला हे कोणालाच सांगता येत नाही, असे या मताचे थोडक्यात स्वरूप आहे. अग्रलेखांत, अर्थसंकल्पावरील चर्चांत आणि आठ दिवसांच्या सहलीनंतर लिहिलेल्या प्रवासवर्णनांत ते सारख्याच आत्मविश्वासाने मांडले जाते. वसाहतकालीन सीमांचा विषय कोणी काढलाच, तर इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, आता तरी हे रडगाणे पुरे करा, असे सुनावून तो मिटवला जातो.

या मताची सोय उघड आहे, कारण ते मान्य केले की कोणालाच जाब द्यावा लागत नाही. डोंगरांवर खटला भरता येत नाही, समुद्राला नोटीस बजावता येत नाही, आणि ज्यांना मागास ठरवून टाकले आहे त्यांना काही विचारण्याची गरज उरत नाही. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की ईशान्य भारताचे एकाकीपण निसर्गाने घडवलेले नाही. १८२६ ते १९४७ या काळात वसाहतवादी प्रशासनाने आखलेल्या आणि पुढे स्वतंत्र राष्ट्रांनी आवळत नेलेल्या सीमांनी ते घडवले आहे. या सीमांनी एकेका समाजाचे दोन-दोन, तीन-तीन देशांत तुकडे केले हे बहुतेकांना ठाऊक असते. याच सीमा डोंगरावरचा उत्पादक आणि पायथ्याचा गिऱ्हाईक यांच्यामध्ये येऊन उभ्या राहिल्या, आणि आर्थिकदृष्ट्या तोच घाव अधिक खोल गेला, हे मात्र क्वचितच ध्यानात घेतले जाते.

आधी समुद्राचा दावा तपासावा. त्रिपुराच्या दक्षिण टोकावरील साब्रूमपासून चितगाव बंदर सुमारे ८० किलोमीटरवर आहे. नागपूरहून मुंबईचे बंदर ७०० किलोमीटरहून अधिक दूर असूनही विदर्भाच्या सगळ्या दुखण्यांचे मूळ त्या अंतरात आहे असे कोणी गंभीरपणे म्हणत नाही. मग बंदरापासून एका सकाळच्या प्रवासावर असलेल्या मुलखाला भूवेष्टित, म्हणजे समुद्राला वाट नसलेला, ठरवणारा हा भूगोल कोणता? १८९२ मध्ये स्थापन झालेल्या आसाम-बंगाल रेल्वेचे मुख्यालय चितगावला होते, कारण आसामचा चहा जहाजावर चढवण्याचा जवळचा मार्ग तोच होता. ब्रह्मपुत्रेतून आगबोटी थेट दिब्रुगडपर्यंत ये-जा करत, आणि आगरतळ्याच्या माणसाचे रेल्वे स्थानक होते ते हाकेच्या अंतरावरचे आखौरा. ऑगस्ट १९४७ मध्ये एकही टेकडी जागची हलली नाही आणि एकाही नदीने पात्र बदलले नाही, तरी आगरतळ्याहून कोलकात्याला जाण्याचा सुमारे ५०० किलोमीटरचा रस्ता सुमारे १,६०० किलोमीटरचा झाला. कारण आता तो सिलिगुडी कॉरिडॉरमधून, म्हणजे नेपाळ आणि पूर्व पाकिस्तान यांच्यामध्ये उरलेल्या, सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम २० किलोमीटर रुंदीच्या पट्टीतून वळसा घालून जाऊ लागला. आसामला उर्वरित भारताशी जोडणारा रेल्वेमार्ग नव्याने बांधावा लागला आणि तो १९५० मध्ये सुरू झाला. गुवाहाटीजवळ ब्रह्मपुत्रेवर सराईघाटचा पूल तयार व्हायला १९६२ उजाडले, आणि तोवर नदी ओलांडायची ती फेरीबोटीनेच. आज ईशान्येच्या बाह्य सीमेचा सुमारे ९८ टक्के भाग परदेशांना लागून आहे. हे अंतर निसर्गाने वाढवले असे म्हणायचे असेल, तर फाळणीची रेषा आखणाऱ्या सर सिरिल रॅडक्लिफ यांनाही निसर्गशक्तींतच गणावे लागेल.

दुसरा दावा जमातींच्या कथित अलिप्ततेचा, आणि तो पहिल्याहून अधिक अज्ञानमूलक आहे. खासी टेकड्यांच्या दक्षिण उतारावरील चुनखडी अठराव्या शतकातच सिल्हेटमार्गे बंगालभर जात होती, आणि १७७८ मध्ये सिल्हेटला आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॉबर्ट लिंडसे याने याच चुन्याच्या व्यापारावर गडगंज संपत्ती मिळवली. कलकत्त्याच्या ज्या जुन्या इमारतींकडे पाहून वसाहतकालीन वैभवाचे उसासे टाकले जातात, त्यांच्या भिंतींत व्यापाराशी अपरिचित म्हणवल्या जाणाऱ्या याच खासींच्या डोंगरातला चुना आहे. गारो टेकड्यांतला कापूस पायथ्याच्या हाटांत, म्हणजे आठवडी बाजारांत, उतरे आणि त्याच्या मोबदल्यात मीठ, सुकी मासळी आणि गुरे वर जात; त्या हाटांवरच्या करांवर पायथ्याचे जमीनदार गबर होत. लुशाई टेकड्यांतल्या (आजच्या मिझोराममधल्या) देमागिरीहून, म्हणजे आजच्या त्लाबुंगहून, कर्णफुली नदीने होडीतून चितगावकडे उतरता येई. या समाजांनी आपले अर्थकारण डोंगर आणि मैदान यांच्या देवाणघेवाणीवर उभे केले होते: वर पिकणारे खाली विकायचे आणि खाली पिकणारे वर आणायचे. ज्यांचे मीठसुद्धा पायथ्याहून येत होते ते जगापासून तुटलेले होते, हा निष्कर्ष कोणत्या पुराव्यावर काढला गेला?

बंदिस्तपणा आला तो कायद्याने. १८७३ च्या बंगाल पूर्व सीमा विनियमाने काही डोंगरी जिल्ह्यांभोवती 'इनर लाइन' नावाची रेषा आखली, आणि परवान्याशिवाय ती ओलांडून आत जाण्यास मनाई केली. चहामळ्यांचा विस्तार आणि डोंगरी समाज यांच्यातले तंटे सरकारला महाग पडत होते, हे त्यामागचे कारण होते. डोंगरी संस्कृतीच्या रक्षणाची भाषा नंतरची. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने अशा अनेक प्रदेशांना वर्जित क्षेत्रे ठरवून लोकनियुक्त विधिमंडळांच्या कक्षेबाहेर ठेवले. आधी कुंपण घालायचे आणि मग आतला माणूस बाहेर पडत नाही म्हणून त्याच्या स्वभावावर प्रबंध लिहायचे, अशी ही पद्धत आहे. वसाहतवादी मानववंशशास्त्राने ती वापरली यात नवल नाही. स्वतंत्र भारताच्या विकासचर्चेने ती जशीच्या तशी उचलली, हे मात्र लाजिरवाणे आहे.

इनर लाइन निदान परवान्याने ओलांडता येत होती. राज्यांच्या आणि देशांच्या सीमा आखताना तेवढाही विचार झाला नाही. १८२६ च्या यांडाबोच्या तहाने ब्रह्मदेशाशी पहिली मोठी विभागणी झाली आणि पुढच्या दशकांत आखलेली रेषा नागा वस्त्यांच्या मधून गेली. १८३४ मध्ये मणिपूरचे काबाव खोरे ब्रह्मदेशाच्या हवाली करण्यात आले आणि मणिपूरच्या राजाला त्याबद्दल दरमहा ५०० सिक्का रुपयांची भरपाई ठरली. एका राज्याच्या सुपीक जमिनीची आणि पूर्वेकडच्या वाटेची किंमत कंपनीने एवढी केली. मिझो आणि चिन हे एकाच गोतावळ्यातले समाज निरनिराळ्या प्रशासनांत विखुरले आहेत, हे इंग्रजांना कळत नव्हते असेही नाही. १८९२ मध्ये कलकत्त्यात भरलेल्या चिन-लुशाई परिषदेने हा सारा मुलूख एका अमलाखाली आणावा असे सुचवले होते. प्रत्यक्षात १८९८ मध्ये उत्तर आणि दक्षिण लुशाई तेवढे एकत्र करून आसामला जोडले गेले, चिन टेकड्या ब्रह्मदेशाकडेच राहिल्या, आणि १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झाल्यावर एका प्रांताची कडा दोन देशांची सरहद्द बनली. १९४७ च्या जुलैमधील सार्वमतानंतर करीमगंजचा भाग वगळता सिल्हेट पाकिस्तानात गेले. ज्या चितगाव डोंगरी प्रदेशात बहुसंख्य लोक मुस्लिम नव्हते, तोही तिकडेच गेला. खासी, गारो, चकमा, त्रिपुरी, मिझो, कुकी आणि नागा यांतील एकाही समाजाला या रेषा आखताना कोणी विचारले नव्हते.

परिणाम सर्वांत आधी दिसला तो खासी टेकड्यांच्या दक्षिण उतारावर, ज्याला 'वार' प्रदेश म्हणतात. तेथील संत्री, सुपारी, विड्याची पाने आणि तमालपत्र यांची बाजारपेठ सिल्हेटच्या मैदानात होती, कारण माल उतरणीने काही कोसांवर पोहोचत असे. सीमा आडवी आल्यावर हाच नाशवंत माल उलट्या दिशेला, चढणीने शिलाँगच्या पठारावर आणि तेथून पुढे गुवाहाटीकडे न्यायचा होता, जेथे त्याला ना जुने गिऱ्हाईक होते ना परवडणारा भाव. माल तोच, माणसे तीच, डोंगरही तेच. फक्त बाजार परदेशात गेला. त्यानंतर त्या गावांत आलेल्या दारिद्र्याला कोणी आळस म्हणेल, कोणी निसर्गाचा कोप म्हणेल. परंतु ज्याने बागाईतदाराचा एकमेव बाजार एका रात्रीत बंद केला, त्याचे नाव तेवढे कोणी घेणार नाही.

सीमा स्वतःच आर्थिक ऱ्हास घडवू शकते याचा पुरावा आसाम किंवा मेघालयात शोधायची सवय नसेल, तर तो युरोपात मिळतो. स्टीफन रेडिंग आणि डॅनियल स्टर्म या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिले की जर्मनीच्या विभाजनानंतर नव्या सीमेपासून ७५ किलोमीटरच्या आत असलेल्या पश्चिम जर्मन शहरांची लोकसंख्यावाढ इतर पश्चिम जर्मन शहरांच्या तुलनेत मंदावली, आणि त्याचे मुख्य कारण शेजारची बाजारपेठ गमावणे हे होते. ही शहरे सपाट जमिनीवर होती, तेथे कारखाने होते, आणि एका अतिशय समृद्ध देशाचे सरकार त्यांच्या पाठीशी होते. तरी त्यांना हा फटका बसला. मग ज्या प्रदेशाची जवळजवळ सगळी कडाच सीमा झाली, त्याने तो फटका केवळ मनोबलावर झेलायचा होता काय? येथे एवढे मान्य करायला हरकत नाही की १९४७ पूर्वीचा काळ सुवर्णकाळ नव्हता. चहाचा नफा लंडनला जात होता आणि रेल्वे चहासाठी होती, लोकांसाठी नव्हे. पण साम्राज्याने स्वतःच्या नफ्यासाठी बांधलेल्या वाटाही ज्यांना उरल्या नाहीत, त्यांची स्थिती त्या साम्राज्याच्या काळाहून बिकट झाली, हे त्यामुळे खोटे ठरत नाही.

बंडखोरीचा युक्तिवाद वरकरणी सर्वांत भक्कम वाटतो, पण तो मिझोराममध्ये पोहोचताच कोसळतो. १९५९ मध्ये 'माउताम' आला, म्हणजे बांबूला फुलोरा येऊन उंदरांची बेसुमार पैदास होण्याचे आणि त्यांनी धान्य फस्त करण्याचे चक्र फिरले. उपासमारीच्या त्या काळात, कर्णफुलीचा जलमार्ग परक्या देशात गेलेला असताना, मदत लांबच्या डोंगरी वाटांनी यायची होती. ती अपुरी पडली आणि दुष्काळनिवारणासाठी निघालेल्या संघटनेतून १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली. १९६६ मध्ये उठाव झाला, ऐझॉलवर भारतीय हवाई दलाने बॉम्ब टाकले, आणि ३० जून १९८६ रोजी शांतता करार झाला. त्यानंतर मिझोराम देशातल्या सर्वांत शांत राज्यांपैकी एक आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची साक्षरता ९१ टक्क्यांहून अधिक होती. शांतता आहे, शिक्षण आहे, इंग्रजी येते. मग गुंतवणूकदार कुठे आहेत? राज्याच्या महसुलाचा मोठा भाग अजूनही केंद्राकडूनच का येतो? रेल्वे राजधानीजवळच्या सैरांगपर्यंत पोहोचायला २०२५ का उजाडावे लागले? बंदुका थांबल्या, पण ज्या मुलखाला एका बाजूला बांगलादेश आणि दुसऱ्या बाजूला म्यानमार आहे त्याची बाजारपेठ उघडली नाही. आणि कारखानदार शांततेचे प्रमाणपत्र पाहून येत नाही, माल कुठे व किती खर्चात विकता येईल हे पाहून येतो.

शिवाय बंडखोरी आणि सीमा यांचा क्रमही येथे उलटा लावला जातो. स्टेलिओस मिखालोपुलोस आणि एलियास पापायोआनू यांनी २०१६ मध्ये आफ्रिकेतील ८२५ समाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा प्रदेश वसाहतकालीन सीमांनी दोन किंवा अधिक देशांत तोडला गेला त्या समाजांच्या भूमीत राजकीय हिंसाचार अधिक आढळला, आणि तेथील माणसांची मालमत्ता व शिक्षण इतरांपेक्षा कमी निघाले. नागा किंवा कुकी टापूतला संघर्ष पाहणाऱ्याला यात आश्चर्य वाटू नये. आधी नाती आणि बाजार तोडायचे, त्यातून असंतोष उद्भवला की त्याचे कारण देऊन सीमा आणखी घट्ट करायची, आणि शेवटी असंतोषामुळेच विकास झाला नाही असा निकाल द्यायचा, हे तर्कशास्त्र नव्हे. ही आरोपीनेच लिहिलेली फिर्याद आहे.

आता केंद्राच्या पैशाचा हिशेब. १९७१ पासून वाहतूक अनुदान सुरू झाले, ईशान्य परिषद आली, पुढे केंद्रीय मंत्रालयांच्या योजनाखर्चातील १० टक्के वाटा ईशान्येसाठी राखून ठेवला गेला आणि या प्रदेशाच्या विकासासाठी स्वतंत्र खातेही निघाले. यातला बराच पैसा गळला हे खरे, पण गळती हे येथील मागासलेपणाचे मूळ कारण असते तर देशातले एकही राज्य पुढे गेले नसते. वाहतूक अनुदान म्हणजे काय? शेजारची बाजारपेठ बंद करून लोकांना हजार किलोमीटरच्या वळशाला लावायचे आणि त्या वळशाच्या भाड्यातला काही भाग परत करायचा, ही त्याची साधी व्याख्या आहे. ज्याची घरासमोरची वाट बुजवली त्याला दरवर्षी चपलांसाठी पैसे देण्यासारखाच हा प्रकार आहे, आणि त्यावर त्याने कृतज्ञही राहावे अशी अपेक्षा आहे. सीमेने दिल्लीच्या मनात भरवलेली धास्ती तर अनुदानाच्या हिशेबात कधी धरलीच जात नाही. आसामच्या भूमीत सापडलेल्या तेलासाठी मोठा शुद्धीकरण कारखाना बिहारमध्ये बरौनीला उभारला गेला आणि त्यासाठी हजार किलोमीटरहून लांब नळवाहिनी टाकली गेली. आसाममध्ये आंदोलन पेटल्यावर गुवाहाटीच्या पदरात १९६२ मध्ये एक लहानसा कारखाना पडला. सरहद्दीवरचा मुलूख धोक्याचा असतो, हे कारण तेव्हा पुढे करण्यात आले होते. भांडवल फिरकत नाही म्हणून ईशान्येला नावे ठेवणाऱ्यांनी हे आठवावे की तेथून काढता पाय घेणाऱ्या भांडवलदारांत पहिला नंबर खुद्द सरकारचा होता.

राहता राहिला काळाचा आणि अपरिहार्यतेचा मुद्दा: सगळ्याच सीमा माणसांनी आखलेल्या असतात, आणि पाऊणशे वर्षांत त्यांच्याशी जुळवून घ्यायला हवे होते. सीमा माणसांनी आखलेल्या असतात हे मान्य. म्हणूनच त्या किती उघड्या किंवा बंद ठेवायच्या हेही माणसेच ठरवतात. टायरॉल हा आल्प्समधला प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया आणि इटली यांच्यात विभागला गेला, पण १९९८ मध्ये ब्रेनर खिंडीतली तपासणी नाकी उठली आणि आज तेथे माल व माणूस रोज बिनदिक्कत ये-जा करतात. रेषा तीच असून तिचा जाच उरला नाही. ईशान्येत नेमके उलटे घडले. १९४७ नंतरही नदीमार्गाने काही वाहतूक चालू होती. ती बंद पडली १९६५ च्या युद्धात, म्हणजे इंग्रज जाऊन अठरा वर्षे झाल्यावर. तेव्हा रॅडक्लिफ यांच्या रेषेला कुलूप घालण्याचे काम रॅडक्लिफ यांनी केलेले नाही.

कुलूप जिथे किंचित उघडले गेले तिथे काय झाले, हेही पाहावे. मेघालयातील नोंगट्राईची चुनखडी १७ किलोमीटर लांबीच्या वाहक पट्ट्यावरून सीमा ओलांडून बांगलादेशातल्या छातकच्या सिमेंट कारखान्यात जाते. लिंडसेच्या काळातला व्यापार, फक्त होडीऐवजी पट्टा. त्रिपुरातील पालाटाणाच्या वीज प्रकल्पाची अवजड यंत्रे बांगलादेशने आपल्या नद्यांतून आणि रस्त्यांवरून जाऊ दिली, आणि २०१६ पासून त्रिपुरा बांगलादेशला वीज विकू लागले. जे काम डोंगरांमुळे अशक्य असल्याचे सांगितले जात होते, ते एका परवानगीने शक्य झाले. पण या परवानग्यांचे माप बघण्यासारखे आहे. २०११ मध्ये गारो टेकड्यांतील कलाईचर येथे पहिला सीमा हाट सुरू झाला: ७५ मीटर लांब-रुंद आवार, आसपासच्या पाच किलोमीटरमधील रहिवासी, ठरवून दिलेल्या वस्तू, आणि सुरुवातीला माणशी ५० डॉलरच्या खरेदीची मर्यादा. शतकानुशतके चाललेल्या व्यापाराची ही परतफेड! म्यानमार सीमेवरील मोरे येथे १९९५ मध्ये अधिकृत व्यापार खुला झाला तो अवघ्या २२ वस्तूंच्या यादीनिशी. आणि मे २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना भूमार्ग बंद करून ते केवळ न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतून आणता येतील असे ठरवले. प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ, प्लास्टिकच्या वस्तू आणि फर्निचर यांनाही आसाम, मेघालय, त्रिपुरा व मिझोरामच्या सीमानाक्यांवर मज्जाव झाला. पलीकडच्या गावात शिवलेला सदरा आगरतळ्याच्या दुकानात यायचा तर त्याने आधी न्हावा शेवाचे नाहीतर कोलकात्याचे बंदर पाहून यावे, हे धोरण आखणारेच उद्या ईशान्य दूर असल्याची खंत व्यक्त करतील.

सुरक्षेच्या नावाखाली हीच चूक म्यानमारच्या बाजूला होत आहे. १,६४३ किलोमीटरच्या त्या सीमेवर दोन्हीकडच्या जमातींना १६ किलोमीटरपर्यंत मुक्त ये-जा करू देणारी व्यवस्था मोडीत काढण्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. पुढे ती १० किलोमीटर आणि सीमापास एवढ्यावर आणून ठेवली गेली, आणि सबंध सीमेवर कुंपण घालण्याचा बेत पुढे रेटला जात आहे. मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी याविरुद्ध ठराव केले, कारण त्यांना हे ठाऊक आहे की कुंपण तस्कराला अडवत नाही, तो वाट विकत घेतो. अडते ती पलीकडच्या शेतावर जाणारी बाई आणि पलीकडच्या नातेवाइकाकडे मिरची विकणारा म्हातारा. वैध व्यापाराला वाव नसला की सुपारीपासून साखरेपर्यंत सगळेच चोरवाटेने जाते, आणि त्या चोरवाटांचा नफा नेमका त्यांच्याच हाती पडतो ज्यांच्यापासून देशाचे रक्षण करायचे असते. सुरक्षा हवी असेल तर ज्यांची उपजीविका सीमेवर अवलंबून आहे त्यांना सीमेचे भागीदार करण्याहून स्वस्त उपाय नाही, आणि त्यांना संशयित ठरवण्याहून महाग चूक नाही.

तेव्हा ईशान्य मागास आहे कारण ती डोंगराळ आहे, हे वाक्य यापुढे तरी कोणी शहाणपणाच्या आविर्भावात उच्चारू नये. ईशान्येचे समाज तोडले गेले, त्यांचे बाजार तोडले गेले, त्यांच्या नद्यांच्या आणि रेल्वेच्या वाटा तोडल्या गेल्या; हे सर्व वसाहतवादी प्रशासनाने आपल्या सोयीसाठी केले आणि तीन स्वतंत्र राष्ट्रांनी आपापल्या भीतीपोटी कायम ठेवले. या नुकसानीची भरपाई अनुदानाने होणार नाही, पर्यटन महोत्सवांनी होणार नाही, आणि दर अर्थसंकल्पात मांडलेल्या सहानुभूतीने तर मुळीच होणार नाही. सीमारेषा पुसण्याची मागणी येथे कोणी करत नाही. ती रेषा माल आणि माणूस यांच्यासाठी उघडी ठेवावी, सिल्हेट, चितगाव आणि मोरेपलीकडच्या तामूचे बाजार खासी, त्रिपुरी, मिझो आणि नागा उत्पादकाला पुन्हा हक्काने गाठता यावेत, एवढीच मागणी आहे आणि ती औदार्याची नसून न्यायाची आहे. ती फेटाळायची असेल तर खुशाल फेटाळावी, पण मग त्या प्रदेशाच्या दारिद्र्याची जबाबदारीही स्वतःच्या नावावर लिहून घ्यावी आणि डोंगरांना या खटल्यातून निर्दोष सोडावे.